विविध ऑपरेटिंग सिस्टिममधील फाइल-मार्गांची हाताळणी : देवनागरी नावांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी शेतीविषयक प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संशोधक विद्यार्थ्याच्या माहितीचे विश्लेषण करीत असताना प्रस्तुत लेखकासमोर एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. विभागातील लिनक्स सर्व्हरवर ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’ या एकाच नावाची दोन फोल्डर्स एकाच ठिकाणी शेजारीशेजारी दिसत होती. एका फोल्डरमध्ये तंतोतंत एकाच नावाच्या दोन वस्तू असू शकत नाहीत, हा फाइल-व्यवस्थेचा प्राथमिक नियम आहे. तो मोडलेला दिसत होता. चौकशीअंती कळले की, एक फोल्डर प्रयोगशाळेतील विंडोज संगणकावरून आले होते आणि दुसरे मार्गदर्शकांच्या जुन्या मॅकवरून. आतील मुलाखती बहुतांशी त्याच होत्या. विश्लेषणाच्या प्रोग्रॅमने मात्र कोणतीही तक्रार न करता दोन्ही फोल्डर्स वाचली आणि सतरा मुलाखती दोनदा मोजल्या. टक्केवारी प्रबंधात जाण्यापूर्वी एकूण संख्या जुळत नसल्याचे विद्यार्थ्याच्या ध्यानात आले, एवढेच सुदैव.

हा दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता, टंकलेखनाचा नव्हता आणि सर्व्हरचाही नव्हता. तिन्ही यंत्रणा आपापल्या नियमांनुसार बिनचूक वागल्या होत्या. फाइलचा मार्ग, म्हणजे ज्याला आपण पाथ म्हणतो, तो दिसतो साध्या मजकुरासारखा. प्रत्यक्षात तो पत्ता असतो, आणि त्या पत्त्याचा अर्थ कोणी लावायचा हे प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम स्वतंत्रपणे ठरवते. मार्गाला केवळ अक्षरांची माळ समजून प्रोग्रॅम लिहिला की वरीलसारखे प्रकार घडतात. संगणकशास्त्राच्या अध्यापकांना यातील काही भाग परिचित असेल. तथापि आज समाजशास्त्र, अर्थशास्त्र, रसायनशास्त्र अशा सर्वच विभागांत माहितीचे संकलन व विश्लेषण छोट्यामोठ्या आज्ञावलींच्या साहाय्याने होत असल्याने हा विषय एका विभागापुरता राहिलेला नाही.

पत्त्यांची व्याकरणे :

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. तिच्या आधीच्या मल्टिक्स या प्रणालीत फोल्डरांची नावे ‘>’ या चिन्हाने अलग केली जात. युनिक्सने त्याऐवजी ‘/’ ही तिरपी रेघ स्वीकारली. युनिक्समध्ये सर्व फाइलींचे एकच झाड असते आणि त्याचे मूळही एकच. दुसरी डिस्क जोडली तरी ती त्याच झाडाची एक फांदी होते. लिनक्सने आणि २००१ पासून मॅकनेही हीच रचना घेतली.

डॉसचा इतिहास वेगळा आहे. १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत फोल्डर ही कल्पनाच नव्हती. डिस्कला ए, बी अशी अक्षरे देण्याची पद्धत सीपी/एम या आधीच्या प्रणालीवरून आली होती आणि ‘/’ हे चिन्ह आज्ञेला पर्याय जोडण्यासाठी वापरले जात होते. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर्स आली, तेव्हा हवे असलेले चिन्ह आधीच दुसऱ्या कामाला लागलेले होते. परिणामी उलटी तिरपी रेघ, म्हणजे ‘\’, निवडण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वीची ही तडजोड आजही विंडोजमध्ये नांदते आहे. गंमत अशी की, विंडोजचा अंतर्भाग बहुतेक ठिकाणी दोन्ही रेघा स्वीकारतो. हट्ट असतो तो वरच्या थरातील काही आज्ञांचा. संकेतस्थळाचा पत्ता सांगताना साध्या रेघेलाही ‘बॅकस्लॅश’ म्हणण्याची जी सवय आपल्याकडे अनेकांना आहे, तिचे मूळ याच घोळात असावे.

जुन्या मॅकमध्ये विभाजक म्हणून विसर्गासारखे दिसणारे ‘:’ हे चिन्ह होते. युनिक्सवर आधारित नवी प्रणाली आल्यावर दोन्ही जगांचा मेळ घालण्यासाठी एक युक्ती केली गेली. वापरकर्त्याने नावात ‘/’ टंकित केल्यास आतमध्ये ‘:’ साठवले जाते आणि दाखविताना पुन्हा ‘/’ दाखविले जाते. आपण मराठी माणसे तारीख १५/०८/२०२४ अशी लिहितो. मॅकवर ‘बैठक १५/०८/२०२४’ हे नाव सुखाने देता येते. विंडोज ते नाकारते. लिनक्सवरील एखाद्या प्रोग्रॅमला हीच अक्षरे मार्ग म्हणून दिली, तर तो ‘बैठक १५’ नावाच्या फोल्डरमधील ‘०८’ नावाचे फोल्डर शोधू लागतो.

आणखी एक अडचण रेघेच्या अर्थाची आहे. सी, जावा, पायथॉन आदी भाषांत अवतरणचिन्हांमधील ‘\’ हे विभाजक नसून पुढील अक्षराचा अर्थ बदलणारे चिन्ह आहे. त्यानंतर रोमन ‘एन’ आल्यास नवी ओळ, ‘टी’ आल्यास टॅब. त्यामुळे विंडोजवरील मार्ग जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये चिकटविणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम काही फोल्डरांसाठी चालतो आणि ज्यांचे रोमन नाव ‘एन’ किंवा ‘टी’ने सुरू होते त्यांच्यासाठी कोसळतो. विद्यार्थी फोल्डरला दोष देतो.

नावांवरील निर्बंध :

युनिक्स-परंपरेत फाइलच्या नावात केवळ दोन गोष्टी वर्ज्य आहेत, ‘/’ आणि शून्य मूल्याचा बाइट. विंडोजमध्ये मात्र < > : " / \ | ? * ही नऊ चिन्हे चालत नाहीत, नावाच्या शेवटी असलेले टिंब व मोकळी जागा बहुधा गुपचूप गाळली जाते, आणि काही नावे तर राखीवच आहेत.

या राखीव नावांपैकी ‘कॉन’ची कीर्ती आपल्या महाविद्यालयांत मोठी होती. विंडोजमध्ये रोमन लिपीत ‘सी-ओ-एन’ या नावाचे फोल्डर तयार होत नाही, हे एका भारतीयाने शोधून काढले असून खुद्द मायक्रोसॉफ्टलाही त्याचे उत्तर देता आलेले नाही, असा मजकूर ई-मेलमधून वर्षानुवर्षे फिरत असे. त्यात गूढ काहीच नाही. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर्स नसल्यामुळे पडदा व कळफलक, छपाईयंत्र इत्यादी उपकरणांना फाइलीप्रमाणेच नावे देण्यात आली होती. कॉन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर. पुढे फोल्डर्स आली तरी जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये उपकरणाचीच मानली गेली. लिनक्सवर अशा नावांची फाइल बिनदिक्कत तयार होते. लिनक्सच्या स्वतःच्या स्रोतसंहितेत ‘ऑक्स’ या राखीव नावाची फाइल असल्याने ती संहिता विंडोजवर उतरवून घेताना अडचण येते.

रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद लिनक्स पाळतो. विंडोज व मॅक साधारणतः तो लक्षात ठेवतात, पण शोधताना पाळत नाहीत. विंडोजवर तयार केलेल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे लिनक्स सर्व्हरवर चढविताच दिसेनाशी होतात, त्यामागे बहुधा मोठ्या अक्षरांतील ‘जेपीजी’ हेच कारण असते. देवनागरीत असा भेद नाही, त्यामुळे आपली लिपी या एका त्रासातून मुक्त आहे. तिचे त्रास वेगळे आहेत.

देवनागरी नावे :

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपण श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये मराठी मजकूर तयार करीत होतो. फाइलचे नाव मात्र रोमनमध्येच द्यावे लागे, कारण फाइलींची यादी दाखविणाऱ्या खिडकीला तो फाँट लावता येत नसे. युनिकोडचा प्रसार झाल्यावर नावही मराठीत देता येऊ लागले. तेव्हापासून पुढील प्रश्न उद्भवले.

पहिला प्रश्न लांबीचा. लिनक्सवरील प्रचलित फाइल-व्यवस्थांत एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेतही २५५ हाच आकडा आहे, परंतु तेथे मोजमाप बाइटचे नसून युटीएफ-१६ या संकेतातील एककांचे आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, विंडोजवर एक एकक व्यापते. लिनक्सवर रूढ असलेल्या युटीएफ-८ संकेतात त्याला तीन बाइट लागतात. याचा अर्थ असा की, लिनक्सवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ चिन्हांचे असू शकते. ‘विद्यापीठ अनुदान आयोगाकडे सादर करावयाच्या लघु संशोधन प्रकल्पाच्या अंतिम अहवालाचा सुधारित मसुदा’ हे कार्यालयीन वळणाचे नाव मोकळ्या जागा धरून ९४ चिन्हांचे आहे. विंडोजवर ते सहज मावते. लिनक्सवर त्याचे, विस्तारनाम सोडूनही, २६० बाइट होतात आणि फाइलची प्रत घेणे नाकारले जाते. इंग्रजी नावांवर तपासलेल्या प्रोग्रॅममध्ये हा दोष कधीच दिसून येणार नाही. विंडोजची अडचण निराळी आहे. तेथे नावाऐवजी संपूर्ण मार्गावर २६० एककांची जुनी मर्यादा आहे. २०१६ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती शिथिल करता येते, परंतु त्यासाठी संगणकाची मांडणी आणि प्रोग्रॅम या दोहोंची संमती लागते.

दुसरा प्रश्न प्रस्तावनेतील दोन फोल्डरांचा आहे व तो अधिक सूक्ष्म आहे. मराठीतील ‘शेतकऱ्यांच्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांत जो ‘ऱ’ येतो, त्यासाठी युनिकोडमध्ये ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक आहे. मात्र युनिकोडच्याच नियमांनुसार तो ‘र’ अधिक नुक्ता, म्हणजे ०९३० व ०९३सी, या जोडीशी पूर्णतः समतुल्य मानला जातो. डोळ्यांना दोहोंत फरक दिसत नाही. अशा समतुल्य रूपांपैकी एकच रूप निश्चित करण्याच्या क्रियेला सामान्यीकरण म्हणतात. त्यातील एनएफसी हा प्रकार शक्य तेथे चिन्हे जोडतो आणि एनएफडी ती फोडतो.

मॅकची जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था प्रत्येक नाव फोडून साठवीत असे. लिनक्स नावाकडे केवळ बाइटची रांग म्हणून पाहते व दिलेले तसेच ठेवते. विंडोजही रूपात बदल करीत नाही. विंडोजवर इनस्क्रिप्ट कळफलकाने टंकित केलेला ‘ऱ’ जोडलेल्या रूपात, तीन बाइटचा होऊन सर्व्हरवर पोहोचला. मॅकवरून आरसिंक या साधनाने पाठविलेला तोच ‘ऱ’ फुटलेल्या रूपात, सहा बाइटचा होऊन आला. सर्व्हरच्या दृष्टीने ती दोन भिन्न नावे होती. मॅकच्या २०१७ पासूनच्या एपीएफएस व्यवस्थेत नाव दिलेल्या रूपातच जतन होते आणि शोधताना दोन्ही रूपे एक मानली जातात. त्यामुळे नव्या मॅकवर हा प्रकार कमी झाला आहे; परंतु जुन्या डिस्कवरून आलेली फुटलेली नावे सर्व्हरवर तशीच पडून आहेत.

यावर सर्व नावे एनएफसी करून घ्यावीत, हा सल्ला वारंवार दिला जातो. तो अपुरा आहे. मराठी ‘ऱ’ एनएफसीमध्ये जोडला जातो, परंतु हिंदीतील ‘ढ़’ किंवा ‘ज़’ यांना युनिकोडने जोडणीतून वगळले असल्याने ते एनएफसीमध्येही फुटतात. एनएफसी म्हणजे नेहमीच जोडलेले रूप, असे गृहीत धरणारा प्रोग्रॅम येथे चुकतो. याहून गंभीर बाब अशी की, ‘ऱ्य’ लिहिण्याचा आणखी एक मार्ग आहे. ‘र’, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि मग ‘य’ असे टंकित केले तरी पडद्यावर तेच जोडाक्षर उमटते. युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ही सोय ठेवलेली आहे. ही रूपे परस्परांशी समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे कोणत्याही सामान्यीकरणाने ती एक होत नाहीत. मराठीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला ही तुलना स्वतःहून करावी लागते.

अशा अडचणींमुळे ‘फाइलचे नाव इंग्रजीतच द्या’ असा तोंडी नियम अनेक ठिकाणी रूढ झालेला आहे. तातडीची सोय म्हणून तो समजण्यासारखा आहे. परंतु ज्या लिपीत मुलाखती घेतल्या, नोंदी केल्या, अहवाल लिहिला, त्या लिपीत नाव मात्र देऊ नये, हे सांगणे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम वापरणाऱ्याच्या माथी मारणे होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शिवाय रोमनमध्ये लिहिल्याने एकवाक्यता येते, हाही भ्रमच आहे. ‘शेतकरी’ हा एक शब्द रोमनमध्ये किती प्रकारांनी लिहिला जातो, हे कोणत्याही विभागाच्या संगणकावर पाहता येईल.

फाइलींचा क्रम :

मार्गाचा अर्थच नव्हे, तर फाइलींची यादी कोणत्या क्रमाने मिळेल हेही प्रणालीवर अवलंबून असते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये आणि मॅकच्या जुन्या व्यवस्थेत नावे क्रमवार लावलेली असल्याने यादी वर्णानुक्रमे मिळते. लिनक्सची एक्स्ट४ आणि मॅकची एपीएफएस यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही.

या साध्या गोष्टीचा फटका रसायनशास्त्राला बसला. मिनेसोटा विद्यापीठातील विलोबी व होय यांच्या गटाने २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये रेणूंच्या एनएमआर मूल्यांच्या गणनेची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्यासोबत पायथॉन आज्ञावलीही दिली. ती आज्ञावली फाइलींच्या याद्या घेऊन त्यांच्या जोड्या लावीत असे आणि याद्या क्रमवारच येतील असे त्यात गृहीत होते. लेखकांच्या संगणकांवर तसे घडतही होते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांनी ‘ऑर्गॅनिक लेटर्स’मध्ये दाखवून दिले की, तीच आज्ञावली आणि त्याच फाइली असूनही विंडोज १० व मॅक मॅव्हरिक्सवर एक उत्तर येते, तर उबंटू १६ व मॅक मोहावेवर वेगळे. प्रोग्रॅम कोठेही अडखळत नव्हता, चुकीची सूचना देत नव्हता. फक्त मूल्ये बदलत होती. उपाय होता यादी वाचल्यावर ती क्रमवार लावण्याचा, एका ओळीचा. तोवर त्या पद्धतीच्या आधारे निष्कर्ष काढणाऱ्यांनी कोणती प्रणाली वापरली होती, याची नोंद निबंधात असणे दुर्मीळच.

प्रोग्रॅममधील हाताळणी :

मार्गाचे तुकडे हाताने जोडू नयेत, ही पहिली शिस्त. पायथॉनमध्ये २०१४ पासून ‘पाथलिब’, जावामध्ये २०११ पासून ‘पाथ’ आणि सी प्लस प्लसच्या २०१७ च्या मानकात ‘फाइलसिस्टिम’ ही साधने उपलब्ध आहेत. ती योग्य विभाजक निवडतात आणि मूळ, फोल्डर, नाव व विस्तारनाम हे घटक अलग ठेवतात. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याचा प्रकल्प परीक्षकाच्या संगणकावर न चालण्याचे नेहमीचे कारण ‘डी:\प्रकल्प\माहिती’ असा पूर्ण मार्ग आत लिहिलेला असणे हे होय. परीक्षकाकडे डी नावाची डिस्कच नसते. प्रोग्रॅम जेथे आहे तेथून सापेक्ष मार्ग काढल्यास हा प्रश्न मिटतो.

मात्र ही साधने वापरली म्हणजे सारे साधले असे नव्हे. पायथॉन किंवा डॉटनेटमध्ये मार्ग जोडताना दुसरा तुकडा स्वतःच पूर्ण मार्ग असल्यास पहिला तुकडा टाकून दिला जातो. विद्यार्थ्यांनी संकेतस्थळावर चढविलेल्या गृहपाठाचे नाव ‘/’ने सुरू होत असेल किंवा त्यात वरच्या फोल्डरकडे नेणारी दोन टिंबे असतील, तर ती फाइल नेमलेल्या फोल्डरबाहेर जाऊन बसू शकते. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने जो सुरक्षादोष उघड झाला, तो झिप फाइलीतील नावांवर असाच विश्वास टाकल्यामुळे. त्यामुळे जोडणी झाल्यावर अंतिम मार्ग नेमलेल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

देवनागरी नावांबाबत एक पथ्य महत्त्वाचे आहे. सामान्यीकरण करावे ते तुलनेसाठी. फाइल उघडण्यासाठी नाव प्रणालीने जसे दिले तसेच परत द्यावे. नाव एनएफसी करून लिनक्सवर फाइल उघडू गेल्यास, ती फुटलेल्या नावाने साठविलेली असेल तर ‘फाइल सापडत नाही’ असेच उत्तर मिळते, आणि ती तर पडद्यावर समोर दिसत असते. ज्या प्रोग्रॅमच्या फाइली त्याच्या स्वतःच्याच ताब्यात असतात, तेथे साठवणीसाठी क्रमांक वापरून वापरकर्त्याने दिलेले मराठी नाव नोंदवहीसारख्या तक्त्यात ठेवणे अधिक सुरक्षित ठरते. वापरकर्त्याला दिसते ते त्याचेच नाव.

उपरोक्त संशोधकाची माहिती अखेर याच रीतीने लावण्यात आली. प्रत्येक मुलाखतीला क्रमांक दिला, दोन्ही फोल्डरांतील फाइली नावाने न जुळविता आतील मजकुराने जुळविल्या आणि दुहेरी प्रती वगळल्या. त्यानंतरही ‘गावकऱ्यांची यादी’ ही एक फाइल दोनदा शिल्लक राहिली होती. दुसरीत शून्य रुंदीचे जोडचिन्ह निघाले, आणि तिच्यात पहिलीपेक्षा चार नावे अधिक होती. ती चार नावे कोणत्या भेटीत मिळाली, हे शोधण्यासाठी विद्यार्थ्याला पुन्हा त्या गावी जावे लागले.